चिकाटी आणि कृतज्ञता

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीम जिल्ह्यात, जऊळका हे लहानसे स्थानक आहे. तेथे गाडीची वाट पाहत असता मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडली. त्यांच्या संसाराची वाटही एका आगगाडीच्या प्रवासानेच पालटली होती. नागपूरहून राजनांदगावास जाताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल वाचावयास दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

त्या वार्तेने लक्ष्मीबाईंवर केवढा आघात झाला असेल, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगावयास नको. कित्येक वर्षे पतिपत्नी दूर राहिली. पुढे बाई पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी तत्काळ सोडले नाही. जे पटले नाही, ते केवळ पतीस रुचते म्हणून त्यांनी स्वीकारले नाही. मन वळावयास वेळ लागला. आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

दहा कुष्ठरोगी बरे झाले, पण आभार मानावयास एकटाच परत आला, अशी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. उपकार घेणे सोपे, परत फिरणे कठीण, हे तिचे मर्म. लक्ष्मीबाई अशा परत फिरणाऱ्यांपैकी होत्या. टिळकांनी त्यांना लिहावाचावयास लावले होते. टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावयास घेतले. पण ‘ख्रिस्तायन’ अपुरे टाकून ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. तेव्हा पन्नाशीच्या या विधवेने लेखणी हाती घेतली व पुढचे ६४ अध्याय रचले. ज्याने अक्षर दिले, त्याचे ऋण अक्षरानेच फेडले!

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने निघाले ते १९३८ साली. श्रमाचे फळ डोळ्यांनी पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.

आपण सहन केले, याचा अभिमान माणसास कडवट करतो. ज्या बाईने इतके सोसले, तिच्या ‘स्मृतिचित्रां’त मात्र तक्रारीपेक्षा हसूच अधिक आहे. याचे कारण एकच दिसते: आपणांस काय मिळाले, याचा हिशेब त्यांनी काय गेले यापेक्षा अधिक काळजीने ठेवला होता. ख्रिस्ती जन ईश्वरापाशी धीर आणि उपकारस्मरण एकत्रच मागतात, ते याचसाठी. चिकाटीस कृतज्ञतेचा ओलावा नसेल, तर तिचा हट्ट होतो. आणि कृतज्ञतेस चिकाटीचे बळ नसेल, तर ती केवळ शब्दांत राहते.

देवऋण, पितृऋण हे शब्द आपल्या घरांत नित्याचे आहेत. पूर्वजांनी अर्धे टाकलेले एखादे सत्कार्य आपल्याही घरी असेल. ते उचलून धरणे, याहून चांगली ऋणफेड कोणती?