एका गोळ्याच्या दोन भाकरी!

ए, जरा जवळ ये! एक गंमत सांगायची आहे.

तुझ्या शाळेत जुळी आहेत का कुणी? हजेरी घेताना बाईंना कोड्यात टाकणारी, अगदी हुबेहूब? समज, अशा दोघी बहिणी रामनवमीला आजीबरोबर पोहरादेवीच्या यात्रेला गेल्या. नाक तेच, गालावरची खळी तीच, फ्रॉकसुद्धा एकाच कापडाचे! एक पळत जाऊन आकाशपाळण्यात बसली. आणि दुसरी? तिनं आजीचा पदर घट्ट धरला. "मी नाही बसणार!"

आता हे असं का बरं?

आधी सांग, आईच्या पोटात आपण सुरुवातीला केवढे असतो? राजगिऱ्याच्या दाण्याएवढे? छे छे! त्याहूनही लहान. फक्त एक पेशी! राजगिऱ्याच्या एका दाण्यावर अशा दहाएक पेशी ओळीनं बसतील. एवढ्याशा त्या टिंबात आपलं शरीर घडवायची सगळी कृती लिहिलेली असते. त्या कृतीच्या ओळी म्हणजे जनुकं.

एका पेशीच्या होतात अनेक. त्यांचा इवलासा गोळा बनतो. आणि क्वचित काय होतं, माहीत आहे? त्या गोळ्याचे दोन भाग पडतात! आई भाकरीच्या पिठाचा गोळा मोडून दोन करते ना, तसे. दोन्हींत कृती तीच. झाली हुबेहूब जुळी!

काही जुळी मात्र वेगळी दिसतात. कधी एक भाऊ, एक बहीण. ती आधीपासूनच दोन निराळ्या पेशींतून वाढलेली असतात. म्हणजे साधी भावंडंच, फक्त पोटात एकाच वेळी मुक्कामाला आलेली!

पण थांब, हुबेहूब जुळ्यांचीही एक गोष्ट सारखी नसते. ओळख! बोटांचे ठसे! बाई फसतील, पण आधारचं मशीन सहसा फसत नाही. पोटातल्या पोटातच कुणाचं बोट जरा इकडे दबलं, कुणाचं तिकडे. कुणी थोडं लवकर वाढलं. तेवढ्यानं ठशांच्या रेषा बदलल्या!

बरं, मग स्वभावाचं काय? तो कृतीतून येतो की घरातून?

हे शोधायचं कसं? हुबेहूब जुळी, पण लहानपणापासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली, अशी सापडली तर! अमेरिकेत अशी दोन बाळं होती. 1939 साली जन्मली आणि चार आठवड्यांची असताना दोन घरांत दत्तक गेली. दोन्ही घरांनी नाव काय ठेवलं असेल? जिम! होय, दोघांचंही! थेट 1979 मध्ये, एकोणचाळीस वर्षांचे झाल्यावर, ते भेटले. दोघंही नखं कुरतडायचे, दोघांनाही सुतारकामाचा नाद! दोघांच्या कुत्र्याचं नावही टॉय होतं! अर्थात कुत्र्याचं नाव काही जनुकांत लिहिलेलं नसतं हं, तो नुसता योगायोग.

मिनेसोटा विद्यापीठातल्या थॉमस बुशार्ड यांनी मग अशी शंभराहून जास्त जुळी आणि तिळी शोधली. आणि काय दिसलं? वेगळ्या घरांत वाढलेल्या हुबेहूब जुळ्यांचे स्वभाव, एकाच घरात वाढलेल्यांइतकेच जुळत होते! माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांमुळे येतो.

आणि उरलेला निम्मा? मला तर तोच जास्त आवडतो!

आपल्या वाशीम जिल्ह्यातली संत्र्याची बाग बघितली आहेस का? रोपवाटिकेत एका चांगल्या झाडाचा डोळा काढून जंबेरीच्या खुंटावर बांधतात. त्या एका झाडाच्या डोळ्यांपासून झालेली सगळी कलमं म्हणजे एकमेकांची जुळीच की! पण एक कलम लावलं पाणी साचणाऱ्या चिबड रानात, दुसरं निचऱ्याच्या जमिनीत. एक खुरटतं, दुसरं फळांनी वाकतं.

"पण त्या बहिणी तर एकाच घरात वाढल्या!" असंच म्हणणार ना तू? बरोबर पकडलंस!

मग आता उंदरांकडे चल. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी चाळीस उंदीर घेतले. सगळ्यांची जनुकं तीच. पिंजराही एकच, पण केवढा! मजल्यामजल्यांचा, बोळकांड्यांचा, खेळण्यांचा. खाणं सगळ्यांना सारखं. तीन महिने त्यांच्यावर नजर ठेवली. आणि 2013 साली निकाल छापून आला. काही उंदीर भटके झाले होते, काही कोपरा धरून बसणारे! त्याहून मोठं नवल पुढे आहे. जे जास्त भटकले, त्यांच्या मेंदूत नव्या पेशीही जास्त उगवल्या होत्या!

बघ ना, पहिल्या दिवशी फरक असेल जेमतेम वाटाण्याएवढा. एक जण बोळकांडीत शिरला, दुसरा बाहेर थांबला. मग रोज त्यात थोडी थोडी भर!

आपल्या त्या दोघींचंच बघ. पाळण्यातलीला वरून सगळी यात्रा दिसली, पार टोकाच्या बैलगाड्यांपर्यंत. खालची आजीबरोबर बांगड्यांच्या दुकानात गेली आणि भाव कसा पाडायचा ते शिकली. रात्री आईला सांगताना दोघी एकदमच बोलायला लागल्या. आई आधी कुणाचं ऐकणार?