संसार सांभाळून पदवी: हे माहीत हवं

• मुक्त विद्यापीठ: रोजच्या हजेरीची सक्ती नाही. 'इग्नू'ची स्थापना १९८५ची, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची १९८९ची. 'इग्नू'ची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. घरात तान्हं मूल असेल तर ही सवलत फार मोलाची.

• दर्जा: विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असेल तर दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी या पदव्या मात्र दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत.

• श्रेयांक बँक (मिळवलेले श्रेयांक, म्हणजे 'क्रेडिट', साठवून ठेवण्याची सोय): २०२१पासून. जमा श्रेयांक कमाल सात वर्षं ग्राह्य.

• प्राप्तिकर (जुनी करप्रणाली): इथे अनेक जोडप्यांची गफलत होते. ट्यूशन फीची वजावट फक्त मुलांसाठी, तीही दोघांपुरतीच. स्वतःच्या वा जोडीदाराच्या फीवर नाही. बँकेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट मात्र स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि मुलांच्या उच्च शिक्षणासाठी मिळते. रकमेला कमाल मर्यादा नाही, मुदत आठ वर्षं. मुद्दलावर वजावट नाही.

• फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाची चालू वर्षाची मान्यता आयोगाच्या यादीत स्वतः तपासा.