टोपल्यातली शेवटची भाकरी

वस्तीत आरोग्याच्या कामाला आम्ही शक्यतो दिवेलागणीनंतर जातो. तेव्हा बाया रोजंदारीवरून परतलेल्या असतात, चुली पेटलेल्या असतात. घरात कोण काय खातं हे विचारावं लागत नाही, समोर दिसतं.

आपल्या बायांची काटकसर बघण्यासारखी असते. मराठवाड्यात पावशेर मटणाच्या रश्श्याला येसूर लावतात आणि तो सात माणसांना पुरवतात. सकाळची भाकरी उरली की कुस्करून तिला कांदा-मिरचीची फोडणी देतात. खुरपायला गेलेली बाई येताना ओट्यात घोळ, तांदुळजा, पाथरी घेऊन येते. त्या दिवशी भाजीला पैसा लागत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या अशा खाण्याची नोंद आहे, ती जरूर वाचावी.

आमची तक्रार या काटकसरीतल्या एकाच गोष्टीबद्दल आहे. आधी पोरं जेवतात, मग गडीमाणसं, मग सासूबाई आणि सगळ्यांत शेवटी सून. तिच्यासाठी टोपल्यात भाकरी असते, पण कोरड्यास संपलेलं असतं.

“ताई, तुमच्या ताटात भाजी कुठंय?”

“पातेलं पुसून खाल्लं की झालं की, सिस्टर.”

हे ती हसत सांगते, आणि घरातले तिला गुणाची म्हणतात. तीच बाई दोन हंडे आणताना धापा टाकते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढुरकी दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली नको, गरोदरपणी 11 च्या खाली नको. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर तो थोडासुद्धा जिवावर बेततो. दवाखान्याच्या नोकरीत आम्ही अशा रात्री काढल्या आहेत.

म्हणून पहिली गोष्ट बिनपैशाची. कालवण चुलीवरून उतरलं की सगळ्यांची ताटं एकदमच वाढा, सुनेचं आणि लेकीचंही. सून मागून जेवली तरी चालेल, तिचा वाटा झाकून ठेवलेला असावा. हे सासूबाईंनी मनावर घेतलं तर लवकर होतं, असा आमचा अनुभव आहे. दादांनी घेतलं तर त्याहून लवकर.

पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबट हवं. भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर जेवणात आवळा, पेरू असू द्या. जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या चहा मात्र नको. चहा लोह अंगी लागू देत नाही. एक तास थांबावं. (आम्हाला चहा पाजल्याशिवाय कोणी सोडत नाही, तेव्हा आम्हीच जेवणाची वेळ टाळून येतो.)

काळीज, सुकट हे पदार्थ पाहुण्यांसमोर लपवायची एक नवी लाज आली आहे. तीच घरं पोरांना पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा आनंदाने घेऊन देतात! बकऱ्याच्या काळजात भरपूर लोह असतं, आणि ते पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. नीट शिजवून खावं. फक्त गरोदर बाईने काळीज टाळावं, कारण त्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व बाळाला चांगलं नाही.

रक्त फार कमी असेल तर नुसत्या भाजीने भागत नाही. लाल गोळ्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. लाल गोळीने शौचाला काळं होतं, त्याला भिऊन गोळी सोडू नये. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्यावी.