संगणकाच्या बक्षिसाचे परीक्षक कोण?



कामगार संघटनेचा माणूस कंपन्यांच्या गौरवाबद्दल काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. खरे तर हा विषय मला कामातूनच लागला. वेतनकरारासाठी ज्या कचेऱ्यांत आम्ही जाऊन बसतो, तेथील काचेच्या कपाटांत गेल्या काही वर्षांत स्मृतिचिन्हांची गर्दी झाली आहे. पूर्वी तेथे सुरक्षितता सप्ताहाची ढाल आणि क्रिकेटचा चषक असे. आता ‘माहिती तंत्रज्ञानाच्या अभिनव वापराबद्दल’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली चकचकीत तबके दिसतात. व्यवस्थापकसाहेब मोकळे होईपर्यंत अर्धा तास बसावे लागते, तेवढ्यात ती सगळी वाचून होतात. ही बक्षिसे कोण देतो, कशाबद्दल देतो आणि देण्यापूर्वी कोणाला विचारतो, हे मी जमेल तसे वाचून आणि विचारून समजावून घेतले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

संगणक विकत घेणे वेगळे आणि धंद्यात त्याचा नवा उपयोग करणे वेगळे. हा फरक ध्यानात येण्यासाठी जगातले पहिलेच उदाहरण घेऊ. इंग्लंडात जे. लायन्स नावाची एक कंपनी होती. ती चहाची दुकाने चालवी आणि पाव-केक विके. एका कपामागे नफा अगदी थोडा, आणि बिले मात्र लाखोंनी. त्यांचा हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांवरच नफ्याचा मोठा भाग खर्च होई. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचे गणनयंत्र तयार होत होते. लायन्सने त्या कामाला ३,००० पौंडांची मदत केली, त्या यंत्राच्या धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले आणि त्याला ‘लिओ’ असे नाव दिले. १९५१ च्या नोव्हेंबरात लिओवर बेकरीच्या मालाच्या मोलाचा हिशेब नियमित होऊ लागला, आणि १९५४ पासून पगारपत्रकेही. मोठमोठे कारखाने आणि बँका सोडून हा मान चहावाल्याने मिळवला, कारण हिशेबाची नड त्याला खरोखरीची होती. यंत्र नडीच्या मागून आले. अभिनव वापर म्हणतात तो हा.

याच मापाने पाहिले तर पेण आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या मूर्तिकारांनाही बक्षीस द्यावे लागेल. पुण्याच्या गिऱ्हाइकाला पितांबराचा रंग फोनवरच्या छायाचित्रात दाखवायचा, सोंडेचे वळण पसंत करून घ्यायचे आणि मगच रंगाचा हात फिरवायचा, ही रीत त्यांना कोणत्याही सल्लागाराने शिकवलेली नाही. पण त्यांना कोण बक्षीस देणार? त्यासाठी अर्ज भरावा लागतो, तोही इंग्रजीत.

आता आपल्या देशाकडे येऊ. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९६५ साली स्थापन झाली. साधारण त्याच काळात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचे घाटू लागले, आणि कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी ते यंत्र इमारतीत शिरू नये म्हणून इलाको हाउससमोर रात्रंदिवस पहारा केला. ही गोष्ट आज सांगितली की तरुण मंडळी हसतात. पण ते कर्मचारी अडाणी नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता की यंत्रामुळे वाचलेल्या वेळाचा लाभ कोणाच्या पदरात पडणार? हा प्रश्न सरकारलाही अगदीच निरर्थक वाटला नाही. म्हणून तर स्वयंचलित यंत्रांविषयी १९६९ साली समिती नेमली गेली, आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतले आपले वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. बँकांत तर संगणक आला तोच मुळी करार करून. १९८३ च्या सप्टेंबरात बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात कोठे, किती आणि कोणती यंत्रे बसवायची याची तडजोड झाली. १९८७ साली दुसरा करार झाला. रेल्वेचे आरक्षण १९८५-८६ पासून दिल्लीहून सुरुवात करून संगणकावर गेले, आणि खिडकीपुढची रांग कशी आटली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे लाभ प्रवाशाच्या हाती पडला, म्हणून लोकांनी तो विनातक्रार स्वीकारला. त्यासाठी कोणाला ढाल दाखवावी लागली नाही.

गौरवाचे युग त्यानंतरचे. केंद्र सरकार २००३ पासून ई-शासनाचे राष्ट्रीय पुरस्कार देते. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली हैदराबादेस स्थापलेली आयडीआरबीटी ही संस्था बँकांना तंत्रज्ञानाबद्दल पारितोषिके देत आली आहे. शिवाय नियतकालिके, व्यापारी मंडळे, सल्लागार कंपन्या यांची आपापली बक्षिसे आहेत. पद्धत बहुतेक ठिकाणी एकाच घडणीची. कंपनीने अर्ज भरायचा, किती वेळ वाचला, किती खर्च वाचला आणि किती कागद वाचला याचे आकडे द्यायचे, मग परीक्षकांपुढे पडद्यावर चित्रे दाखवायची. पुष्कळ ठिकाणी प्रवेशशुल्क असते. समारंभाचा खर्च उचलणाऱ्यांत यंत्रे आणि प्रणाली विकणारेही असतात. यात बेकायदा काही नाही, आणि परीक्षकही बहुधा जाणते असतात. परंतु अर्ज कंपनीचा, आकडे कंपनीचे आणि साक्षीदारही कंपनीचाच, हा खटला कसा चालणार हे सांगायला वकील नको.

कागद पाहून दिलेला मान किती टिकतो याचे एक उदाहरण जरा शेजारच्या विषयातले आहे, पण विसरण्याजोगे नाही. हैदराबादची सत्यम ही कंपनी स्वतःच माहिती तंत्रज्ञानातली. उत्तम कारभाराबद्दलचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार तिला २००८ च्या सप्टेंबरात मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. पुरस्कार परत घेण्यात आला. भागधारकांचे पैसे मात्र बुडायचे ते बुडाले.

बँकांचे पाहू. पेणमध्ये उभे राहून बँकेचा विषय काढायचा आणि पेण अर्बनचे नाव टाळायचे, हे मला शोभणार नाही. २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे व्यवहार एका दिवसात थांबले. शेकडो कोटींची बनावट कर्जखाती उघडकीस आली. या सभागृहात असे घर क्वचितच असेल की ज्याच्या नात्यात कोणाची ना कोणाची ठेव तेथे नव्हती. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे तसेच झाले. एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवल्याचा आरोप फिर्यादीत होता. हातानेच खातेवह्या लिहायच्या असत्या तर एकवीस हजार खोटी पाने कोणी आणि कधी लिहिली असती? संगणक खोटे बोलत नाही असे म्हणतात. ते खरेच आहे. त्याला जे सांगावे तेच तो बोलतो, फक्त फार भराभर. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेत १३,००० कोटींहून अधिकचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा परदेशी हमीचे संदेश पाठवणारी ‘स्विफ्ट’ ही यंत्रणा आणि बँकेची मुख्य हिशेबप्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. यंत्रे दोन्ही चांगली होती, मधला सांधा तेवढा नव्हता. बक्षिसाच्या अर्जात यंत्रांची नावे असतात. सांधे विचारायला बसणारा परीक्षक मला हवा आहे.

आता आमच्या भागातल्या एका कारखान्याची हकीगत सांगतो. नाव घेत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. तेथे हजेरीसाठी अंगठ्याचे यंत्र बसले. आमच्याकडे याला ‘थंब मारणे’ म्हणतात. मस्टर बंद, हजेरीबाबू दुसरीकडे, पगारपत्रक आपोआप. या सुधारणेबद्दल कंपनीला तबकही मिळाले. पण रसायनाच्या पिंपांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या बोटांची कातडी झिजलेली आणि सोललेली असते. यंत्राला त्यांची रेघ दिसेना. माणूस सकाळच्या पाळीला दारात उभा, आणि कागदोपत्री गैरहजर! पगारचिठ्ठीत खाडे. पूर्वी हजेरीबाबूला तोंडी सांगता येत होते. आता सुपरवायझर म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणे कचेरीत जा, आणि कचेरी म्हणे ‘सिस्टीम’मध्येच तसे आहे. दोन महिन्यांच्या खटपटीनंतर अशा कामगारांसाठी कार्डाची सोय झाली आणि कापलेले पैसे मिळाले. अर्जात वाचलेले तास दाखवलेले होते, हे मी स्वतः वाचले आहे. खाड्यांचा रकाना त्या नमुन्यातच नव्हता.

याहून मोठे उदाहरण आपल्या दारातून जाते. रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान. येथून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. १९९९ साली गैसळला दोन गाड्या समोरासमोर आदळल्यानंतर देशभर टक्करविरोधी यंत्राची चर्चा होती, आणि कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी ‘रक्षा कवच’ नावाचे यंत्र पुढे आणले. उपग्रहावरून गाडीला आपले ठिकाण कळावे, दोन इंजिनांनी रेडिओवरून एकमेकांशी बोलावे आणि धोका दिसताच ब्रेक लागावेत, अशी ती कल्पना. कल्पना खरोखरच धाडसाची होती, तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले. (आज देशात ‘कवच’ नावाने बसवतात ती यंत्रणा निराळी.) पण २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. पुढच्या वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसचे तसेच झाले. इंजिन इंजिनाशी बोलेल, परंतु दरडीच्या अंगावर यंत्र कोण बांधणार? त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या आल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला गेला. आणि आजही दर पावसाळ्यात शेकडो गस्तवाले अंधारात कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून चालतात. नव्या यंत्राला मान द्यावा. मात्र ते यंत्र जेथे पोचत नाही तेथे कोण चालतो आहे, हेही परीक्षकाने विचारावे.

वापरणाऱ्याला विचारले तर काय होते, याचा दाखला कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणेचा आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी समूहात केंद्र सरकारच्या मदतीने सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प निघाला. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, जगातली माहिती गावातच मिळावी असा हेतू. देशोदेशी वाखाणणी झाली. पुढे बेंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी गावोगाव बसून पाहिले, तेव्हा आढळले की शेतकरी तेथे येतो तो ऊसतोडीचा परवाना आला का, आपल्या उसाचे वजन किती भरले आणि खत किती उचलले हे पाहायला. यंत्रे जुनी झालेली, विजेचे येणेजाणे. संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणक बाजूला ठेवला आणि तीच माहिती साध्या मोबाइलच्या संदेशावर दिली. खर्च कमी आला, आणि शेतकऱ्याला केव्हाही विचारता येऊ लागले. माझ्या मते वारणेतला खरा अभिनव वापर तो. पहिल्या प्रकल्पाचा जेवढा बोलबाला झाला तेवढा याचा झाला नाही, हे ओघानेच आले.

परीक्षा नीट कशी घ्यावी याचा नमुना जगात आहे, आणि तो या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आवडेल. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली जपानात व्याख्याने दिली. ती छापून निघाली, त्यांच्या विक्रीतले आपले मानधन त्याने तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेला देऊन टाकले, आणि त्या पैशातून १९५१ साली डेमिंग पारितोषिक निघाले. व्याख्यानांच्या पुस्तकातून एवढे उभे राहते! हे पारितोषिक मालाच्या गुणवत्तेचे आहे, संगणकाचे नव्हे. पण त्याचे परीक्षक कारखान्यात येतात आणि यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारतात. आपल्याकडे १९९८ साली तमिळनाडूच्या सुंदरम-क्लेटनने ते प्रथम मिळवले.

आम्ही यातून दोन साध्या गोष्टी घेतल्या आणि मागणीपत्रात घातल्या. एक, बक्षिसासाठी अर्ज जाण्यापूर्वी त्याची मराठी प्रत सूचनाफलकावर आठ दिवस लावावी. दुसरी, परीक्षक आले तर कंत्राटी कामगारांपैकी दोघांना त्यांच्यापुढे बसू द्यावे. एका कंपनीने पहिली मागणी मान्य केली. प्रत लागली. तिसऱ्या दिवशी ‘हजेरीविषयक तक्रारी : शून्य’ या ओळीपुढे पेन्सिलीने सतरा तिकीट-क्रमांक लिहिलेले आढळले. अर्ज गेला, पण ‘शून्य’च्या जागी ‘अल्प’ असा शब्द घालून. दुसऱ्या मागणीवर बोलणी चालू आहेत.