रोज मध्यरात्री नागपुरात चार विमानं जमायची, ती कशासाठी?

रात्री दिलेलं कुरिअर सकाळी दुसऱ्या शहरात पोचलं, तर आज कुणाला त्याचं अप्रूप वाटत नाही. पण ७५ वर्षांपूर्वी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला पोचायचं. तेही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून.

तर झालं असं, की दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्यानं वापरलेली डाकोटा विमानं भारतात स्वस्तात विक्रीला निघाली. दोन पंख्यांचं दणकट विमान, पण वेग ताशी जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. दिवसा प्रवासी नेणारी ही विमानं रात्री नुसती उभी असायची. टपाल मात्र रेल्वेनं दोन-दोन दिवस घ्यायचं.

तेव्हा दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांच्या काळात, जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि तीन-साडेतीन तासांत नागपूर गाठायचं. तिथे धावपट्टीशेजारीच पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत.

आता नागपूरच का? नकाशा बघा, चारही शहरांपासून ते साधारण ७०० ते १००० किलोमीटरच्या आत येतं. त्यात हिशोबही सोपा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर धरलं की चारच पुरतात. अडचण एकच, एका विमानाला उशीर झाला की बाकी तिघांचा खोळंबा.

विमानात टपालाबरोबर प्रवासीही असायचे, कारण तिकीट दिवसापेक्षा स्वस्त. झोपेचं खोबरं व्हायचं, पण पैसे वाचायचे. १ एप्रिल १९४९ पासून तर साध्या पत्रांनाही जादा तिकीट न लावता विमानात जागा मिळू लागली. हे खरं मोठं पाऊल. विमानाची टपाल फक्त पैसेवाल्यांची राहिली नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासला निघालेलं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि १३ जण गेले.

सुरुवातीला ही सेवा खासगी कंपन्या चालवायच्या. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर विमानंही या कामाला लागली.

१९७३ मध्ये सेवा बंद झाली. गंमत बघा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत फेडेक्सनं मेम्फिस शहरात रात्री सगळी विमानं एकत्र आणून पार्सलं वाटायला सुरुवात केली. पहिल्या रात्री १४ विमानं होती आणि पार्सलं १८६.