बोअरच्या पाण्यातले डिस्कस

डिस्कस घ्यायला मोठ्या शहरातल्या दुकानात गेलं की दुकानदार माशाआधी गाव विचारतो. बीड म्हटलं की मान हलवतो. "तिकडचं पाणी जड आहे हो, हा मासा नाही टिकायचा. फ्लॉवरहॉर्न घेऊन जा, वास्तूलाही चांगला." मी ऐकून घेतो. माझा धंदाच पाण्याचा आहे. बीड शहरात आणि आसपासच्या गावांत आरओ बसवणं, मेंब्रेन बदलणं, तुंबलेले फिल्टर साफ करणं हे माझं रोजचं काम. खिशात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, कायम असतं. इथलं पाणी किती जड आहे ते मला कुणी सांगायला नको. तरी आमच्या बैठकीत चार फुटी टाकीत सहा डिस्कस आहेत, आणि ते बोअरच्या पाण्यावर वाढलेत.

ज्यांनी हा मासा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उभी धरलेली बशी पाण्यात सावकाश फिरतेय असं समजा. पंधरा ते वीस सेंटिमीटर व्यास, अंग चपटं, डोळा बहुधा लाल, आणि अंगावर निळ्या-हिरव्या रेषांची नक्षी किंवा सपाट लाल-पिवळा रंग. नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. कळपात राहणारा आहे, त्यामुळे एकटा-दुकटा आणू नये. दोनच ठेवले तर दांडगा दुसऱ्याला खाऊ देत नाही. पाच-सहा असले की दादागिरी वाटली जाते.

जड पाण्याची भीती कुठून आली ते समजून घ्यायला थेट ब्राझीलला जावं लागतं. योहान नाटेरर नावाचा ऑस्ट्रियन संग्राहक १८१७ ते १८३५ अशी अठरा वर्षं तिथं हिंडत होता. रिओ नेग्रो नदीतून त्यानं जमवलेल्या माशावरून व्हिएन्नात हेकेल या मत्स्यशास्त्रज्ञानं १८४० साली डिस्कसचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्या नदीच्या काठी बार्सेलोस हे गाव आहे. तिथं शोभेच्या माशांचा उत्सव भरतो आणि अख्खं गाव दोन तटांत वाटलं जातं, एक कार्डिनल टेट्राचा आणि दुसरा डिस्कसचा. नदीचं पाणी कुजलेल्या पाचोळ्यानं काळपट तांबूस झालेलं, चांगलंच आम्लधर्मी, आणि त्यात क्षार जवळपास नाहीतच. पुस्तकांत डिस्कससाठी जे पाणी लिहिलेलं असतं ते या नदीचं.

पण आपण विकत घेतो तो मासा त्या नदीतला नसतो. तो मलेशियातल्या पेनांगच्या, थायलंडच्या किंवा चेन्नईतल्या कोलाथूरच्या टाक्यांत जन्मलेला असतो. त्याच्या आजा-पणजानंही ॲमेझॉन पाहिलेलं नसतं. दुकानात हमखास दिसणारा लालसर 'पिजन ब्लड' तर नदीत कधी नव्हताच; थायलंडमधल्या पैदासकारांनी तो काढला आणि १९९१ च्या सुमारास बाजारात आणला. टाकीत पिढ्यान् पिढ्या वाढलेला मासा जड पाण्याला सरावतो. त्याला सोसत नाही ते रोज गुण बदलणारं पाणी, आणि घाण पाणी.

आमच्याकडं खाली सगळा काळा पाषाण. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० टीडीएस ही चांगली मर्यादा मानलीय. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं म्हणतात. उन्हाळ्यात बोअर खोल गेले की ५०० च्या आतला आकडा आमच्याकडं क्वचित दिसतो. सहाशे-सातशेच्या पाण्यात माझे मासे मजेत आहेत. दर आठवड्याला कधी आरओ, कधी बोअर, कधी टँकर असं करणाऱ्याचे मासे मात्र कोपऱ्यात काळे पडून उभे राहतात.

आता माझ्याच हत्याराची मर्यादा सांगतो. लोक टीडीएस मीटर बुडवतात आणि आकडा बघून निर्धास्त होतात. हा मीटर अमोनिया दाखवत नाही. मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, आणि मासा मरतो तो बहुतेकदा त्यानंच. आपलं पाणी क्षारधर्मी, सामू (पीएच) आठच्या आसपास. तीस अंशांना सामू सात असेल तर एकूण अमोनियाचा शंभरातला एखादाच भाग विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की तोच सात-आठ भागांवर जातो. म्हणजे तेवढीच घाण, पण विष जवळजवळ दहापट. बीडच्या पाण्यात डिस्कस अवघड आहे तो या हिशेबानं. जड पाणी पचतं, जड पाण्यातला आळस पचत नाही.

यावर इलाज म्हणजे फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे हे जिवाणू टाकीत जमायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासा आणायचा नाही. थेंबांनी तपासायचा अमोनिया-नायट्राइटचा किट मागवावा, दोन्ही शून्य आले की मगच माशाकडं वळावं. चालू टाकीतला जुना स्पंज कुणी दिला तर हे काम लवकर होतं. टाकीत वाळू-गोटे नकोत, तळ उघडा बरा. उरलेलं अन्न डोळ्याला दिसतं आणि नळीनं ओढून काढता येतं.

आणि पाणी बदलणं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटरच्या आत-बाहेर पाणी मावतं. त्यातलं पाव भाग दिवसाआड काढायचं म्हणजे तीन-चार बादल्या. हे ऐकूनच शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "लोकायला प्यायला पाणी नाही अन् तुमचे मासे रोज आंघोळ करायलेत." बोलणं चुकीचं नाही. म्हणून त्या बादल्या मोरीत जात नाहीत. नायट्रेटचं पाणी झाडाला खतच असतं. जास्वंद, कढीपत्ता आणि काकूंच्या दारातली तुळस त्यावरच आहे. काकू आता बादली कधी येते ते विचारतात.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं ही आमची रड, पण डिस्कसला ती सोयीची पडते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, हौदात चार दिवस राहिलं की ते उडून जातं. परदेशी शौकीन मुद्दाम पिंप भरून पाणी 'जुनं' करतात, आमच्याकडं ते आपोआप होतं. बोअरचं ताजं पाणीही लगेच ओतू नये. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. रात्रभर हवेचा पंप लावून ठेवलं की सामू स्थिरावतो.

उष्णतेचंही तसंच. डिस्कसला २८ ते ३० अंश पाणी लागतं. थंड गावातला माणूस वर्षभर हीटरचं बिल भरतो, आम्हाला तो बहुतेक थंडीतच लागतो. एक मोठा घेण्यापेक्षा दीडशे वॅटचे दोन घ्यावेत, एक बंद न होता अडकला तरी मासे शिजत नाहीत. मे महिन्यात खोलीच तापते आणि पाणी ३३-३४ ला जातं, तेव्हा झाकण काढून पृष्ठभागावर पंखा सोडायचा. आमची हवा इतकी कोरडी की दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी भराभर उडतं, पण क्षार मागंच राहतात. त्यावर पुन्हा बोअरचंच पाणी टाकत गेलं की टीडीएस चढत जातो. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी टाकावं. वीज जाते त्याचंही बघा. हवेचा पंप चार-पाच वॅटचा असतो, तो इन्व्हर्टरवर घ्या. दिवे गेले तर मासे मरत नाहीत, हवा गेली तर मरतात.

आता खरेदी. दुकानात गेल्यावर आधी रंग बघू नका, खाणं बघा. "माझ्यासमोर खायला टाका" म्हणायचं. दुकानदार कुरकुरला तर बाहेर पडायचं. पुढं येऊन तुटून पडतो तो घ्या. मागं राहणारा, काळवंडलेला, पर मिटून घेतलेला, कपाळ खोल गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा सोडणारा नको. पोटात परजीवी असण्याची ती लक्षणं आहेत. डोळा अंगाच्या मानानं फार मोठा दिसला तर तो मासा खुरटलेला समजा, कितीही खाऊ घाला, गोल होणार नाही. आणि दोन इंचाचं पिल्लू मोठ्या माशासारखं झगमगत असेल तर सावध राहा. रंग हळूहळू चढतो. हार्मोन देऊन चढवलेला काही महिन्यांत उतरतो. पिल्लू काही शे रुपयांत मिळतं, पूर्ण वाढलेला मासा हजारांत. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं अधलामधला, तीन-चार इंचाचा घ्यावा, आणि सगळे एकाच टाकीतले, एकाच वेळी. नंतर एखादा आणलाच तर चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत.

प्रवासात मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात येतो. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं टाकलेलं खोकं पहाटे बीडला उतरतं. तासन्‌तास बंद पिशवीत माशाच्या श्वासानं सामू उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. थेंब-थेंब पाणी टाकत तासभर बसायची पद्धत लांबून आलेल्या माशाला घातक ठरते. बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावं, मग उघडून मासा हलक्या हातानं टाकीत घ्यावा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. त्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद.

खाण्याबद्दल थोडक्यात. परदेशात गाय-बैलाच्या हृदयाचा खिमा प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे इथले शौकीन बकऱ्याचं हृदय वापरतात. मी सोललेली कोळंबी, थोडी मासळी, पालक आणि लसूण वाटून पातळ थरात गोठवतो. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे कितीही स्वस्त मिळोत, आणायचे नाहीत.

पैदास करायची असेल तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं. जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. जोडी जमली की त्यांच्यापुरतं आरओचं पाणी लागतं, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर वाया जातं. ते भांड्यांना, फरशीला वापरा. गच्चीवरचं पावसाचं पाणी, पहिले एक-दोन पाऊस सोडून धरलेलं, त्याहून उत्तम. अडीच दिवसांत अंडी फुटतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत पिल्लं पोहू लागतात आणि सरळ आई-बापाच्या अंगाला चिकटतात. दोघांच्या कातडीवर बुळबुळीत स्राव येतो, तो ती खातात. एकाला कंटाळा आला की झटका देऊन पिल्लं दुसऱ्याकडं ढकलतो. २०१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी हा स्राव तपासला, तर पैदाशीच्या काळात त्यात प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढलेली सापडली. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आई-बाप पिल्लांना टाळू लागतात, म्हणजे सरळ दूध तोडणंच. गंमत अशी की आपल्या धरणांत सापडणारी, बाजारात कालवणासाठी मिळणारी चिलापी याच कुळातली. तीही पिल्लांना जपते, पण तोंडात धरून.

मला विचाराल तर टाकी ऑगस्टमध्ये मांडा आणि मासे दिवाळीच्या आधी आणा. तेव्हा प्रवासात ऊनही नसतं, थंडीही नसते आणि हौदही भरलेला असतो. ज्यांच्याकडं मार्चपासून टँकर सुरू होतो त्यांनी डिस्कसच्या नादी लागू नये. पोरांना मासा हवाच असेल तर हिवताप विभागाकडून गप्पी आणा. ते फुकट मिळतात, हौदातच राहतात आणि डासांच्या अळ्या खातात.