वाट बघण्याचा पगार

आमच्या बैठकीत हप्त्याचे, व्याजाचे, शिलाई मशीनच्या कर्जाचे प्रश्न येतात. गेल्या महिन्यात मात्र एका ताईंनी वेगळंच विचारलं. त्यांच्या नात्यातली मुलगी अमेरिकेत विमान चालवायच्या नोकरीला लागली. पण ती आठवड्याचे चार-चार दिवस युनिफॉर्मला इस्त्री करून, बॅग भरून नुसती खोलीत बसून असते म्हणे. घरचे काळजीत पडले, की हिला कंपनीने फसवलं की काय?

फसवलेलं नाही. तिला ‘रिझर्व्ह’वर ठेवलंय, म्हणजे राखीव. हे राखीवपण काय असतं ते आज सांगतो, कारण पगार, झोप आणि घर या तिन्ही गोष्टी त्यात अडकलेल्या असतात.

अमेरिकेत मोठ्या शहरातून लहान गावाला जाणारी ५० ते ७६ आसनांची विमानं बहुतेक वेळा मोठ्या कंपन्या स्वतः उडवत नाहीत. विमानावर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण चालवणारी माणसं स्कायवेस्ट, एन्व्हॉय, रिपब्लिक अशा प्रादेशिक कंपन्यांची. दुधाच्या टँकरवर नाव संघाचं आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, तसंच हे. नव्या वैमानिकाची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते.

तिथे नोकरीला लागल्याच्या तारखेवरून प्रत्येकाला ज्येष्ठता क्रमांक मिळतो. कोणत्या शहरातून काम करायचं, महिन्यात कोणत्या फेऱ्या, सुट्टी कधी, सगळं त्या क्रमांकाने ठरतं. हुशारी किंवा वय तिथे चालत नाही. दर महिन्याला सगळे आपापली पसंती कळवतात, वरच्या क्रमांकाचे चांगल्या फेऱ्या घेऊन जातात आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या नवख्यांच्या पानात राखीव दिवस पडतात. कंपनी बदलली की क्रमांक गेला, पुन्हा शेवटून सुरुवात. म्हणून पटत नसलं तरी माणसं सहसा लवकर सोडून जात नाहीत.

राखीव माणसं लागतात तरी कशाला? कोणी आजारी पडतं, बर्फ पडतो, विमान उशिरा येतं आणि पहिल्या वैमानिकाचे कायद्याने ठरवलेले तास संपतात. मग बदली माणूस हाताशी नसेल तर विमान जागेवरच उभं राहतं. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये हेच दिसलं. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या कामाला आवर घालणारे नियम लागू झाले, इंडिगोकडे त्या हिशेबाने पुरेसे वैमानिक नव्हते आणि हजारो फेऱ्या रद्द झाल्या. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर लोक बॅगा उशाला घेऊन झोपले. तेव्हा राखीव माणूस म्हणजे फुकट बसलेला माणूस, असं कोणी म्हणू नये.

आता तिचा दिवस कसा जातो ते बघा. राखीव तीन तऱ्हेचे असतात. एकात बरीच आधी, साधारण बारा तास आधी, सूचना मिळते. हे सगळ्यांना हवं असतं. दुसऱ्यात ठरलेल्या वेळात फोन उशाशी ठेवायचा आणि वाजला की साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. कायद्याने ही वेळ सलग १४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण पहाटे चारला सुरू होणारे १४ तास म्हणजे किती, हे पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. एवढ्या वेळात सिनेमाला जाता येत नाही, लांबच्या बाजाराला जाता येत नाही, अंघोळीला गेलं तरी फोन आत न्यायचा. फोन वाजला तर चार दिवसांची फेरी निघू शकते, म्हणून बॅग कायम भरलेली. नाही वाजला तर संध्याकाळी तीच बॅग पुन्हा कोपऱ्यात. तिसऱ्या तऱ्हेत युनिफॉर्म घालून विमानतळावरच बसायचं. ते बसणं मात्र कायद्याने थेट ड्युटीच्या वेळेत धरलं जातं.

नवीला आणखी एक घोर असतो. प्रशिक्षण संपल्यावर १२० दिवसांत तिला प्रवासी विमानावर १०० तास उडावं लागतं, हात बसावा म्हणून. फोनच आला नाही तर हे तास भरायचे कसे? म्हणून सुट्टी हवी असतानाही फोन वाजावा असंच तिला वाटत राहतं.

पगार तासावर असतो, आणि तास मोजायचे ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. विमानतळावर ताटकळलेला वेळ त्यात येत नाही. राखीव माणसाला महिन्याचे ठरावीक तास हमीचे असतात, साधारण ७५ तास. फोन एकदाही आला नाही तरी तेवढे पैसे मिळतात. आमच्या मते या सगळ्यातली हीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे. वाट बघणं हे काम आहे आणि त्याचा पगार आहे, हे तिथे करारात लिहिलेलं असतं. आपल्या आशाताई रात्री बाळंतपणासाठी फोन उशाशी घेऊन झोपतात. ती वाट बघणं मानधनात कुठे मोजलं जातं, ते तुम्हीच बघा.

आता कर्जाचं, कारण ते आमचं रोजचं काम. तिथे शिकायला एक लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि बहुतेक मुलंमुली तो कर्जातूनच करतात. आमच्या गटातल्या बायकांना जे सांगतो तेच त्या मुलीलाही सांगू: हप्ता ठरवताना हमीचे ७५ तास धरायचे. एखाद्या महिन्यात ९० तास झाले, तर वरचे १५ तासांचे पैसे बाजूला. हंगामातल्या कमाईवर वर्षाचा हप्ता बांधला की काय होतं, ते आपण कांद्याच्या भावात पाहिलंय.

आणि राहायचं कुठे? कंपनीने दिलेलं शहर महाग आणि घर हजार मैल लांब, असं पुष्कळांचं होतं. मग विमानतळाजवळ एक घर दहा-बाराजण मिळून भाड्याने घेतात, एकावर एक पलंग टाकून. काही ठिकाणी ठरलेला पलंगही नसतो, जो रिकामा दिसेल त्यावर झोपायचं. न्यूयॉर्कमध्ये क्यू गार्डन्स नावाच्या वस्तीत अशी माणसं इतकी, की तिला गमतीने ‘क्रू गार्डन्स’ म्हणतात. घरून कामाला यायचं तेही दुसऱ्याच्या विमानात रिकामी जागा मिळाली तर.

ही गमतीची गोष्ट नाही, हे १२ फेब्रुवारी २००९ ला कळलं. कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान नेवार्कहून बफेलोला जाताना उतरण्याच्या बेतात कोसळलं. विमानातले ४९ आणि खाली घरातला एक, असे ५० जण गेले. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. ती सिएटलला राहायची, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, वाटेत विमान बदलून, ती कामावर पोचली होती, आणि तिला सर्दीही झाली होती. तिचा पगार वर्षाला १६ हजार डॉलरच्या आसपास, असा आकडा चौकशीच्या सुनावणीत निघाला. अपघाताचं मुख्य कारण कप्तानाची चुकलेली हाताळणी असं चौकशीत ठरलं, पण दोघांच्या थकव्यावरही अहवालाने बोट ठेवलं.

गेलेल्यांच्या घरच्यांनी मग सरकारचा पिच्छा सोडला नाही. २०१० साली कायदा झाला. त्यातून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागू लागला, पूर्वी २५० तासांवर भागायचं. ४ जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम आले: ड्युटीआधी १० तास मोकळे, त्यात ८ तास सलग झोपेची संधी, आणि आठवड्यात सलग ३० तास सुट्टी. आज फार थकले आहे, उडू शकत नाही, असं वैमानिकाने सांगितलं तर कंपनीला तिला विमानात बसवता येत नाही. पगारात मोठी वाढ व्हायला मात्र २०२२ उजाडलं, तेही वैमानिक मिळेनासे झाले म्हणून. तेव्हा काही प्रादेशिक कंपन्यांनी नवख्यांचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. ७५ तासांचे ६,७५० डॉलर महिन्याला. २००९ च्या त्या मुलीला महिन्याला चौदाशेही पडत नव्हते.

राखीवपण किती दिवस चालतं, हे मागून किती नवे येतात त्यावर आहे. भरती जोरात असली तर काही महिन्यांत सुटका होते, थांबली तर वर्षं जातात. आणि ताईंना सांगायचं राहिलं, काही बायका क्रमांक वर गेल्यावरही मुद्दाम राखीवच राहतात. घर विमानतळापासून वीस मिनिटांवर आणि पोरं लहान, तर फोन येईपर्यंत घरात असता येतं. हमीचे पैसेही चालू राहतात. मात्र पोराला सांभाळायला पटकन येईल असं माणूस शेजारी लागतं, तेही पहाटे चारला.